एकटं राहणं हेही कामच आहे: एकट्या ज्येष्ठांचा थकवा ओळखायचा कसा, उतरवायचा कसा

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आत्याकडे गेलो, तर मोरीतले दोन्ही पिंप कोरडे. सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या अंगाला तिचं घर. तिथे पाणी चार-पाच दिवसांनी सुटतं आणि सुटायची वेळ कधी रात्री नऊ, कधी पहाटे तीन. नळाने पहिला खर्र केला की उठायचं आणि पिंप, घागरी, बादल्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून ठेवायचा, हे या बाईने चाळीस वर्षं केलं. मी विचारलं, "पाणी आलं नाही काय काल?" तर म्हणाली, "आलतं की. आवाज ऐकू आला. उठावंच वाटंना. राहू दे म्हटलं."

पाणी आलं असताना भरलं नाही, याचा अर्थ सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे म्हातारपणाचं दमणं नाही, काहीतरी वेगळं आहे.

आत्या ७४ वर्षांची. आतोबा गिरणीत होते, जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा पुण्यात. तो फोनवर सांगायचा, "आई, कशात तरी मन रमव. भजनी मंडळात जात जा." त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, मीही तेच सांगत होतो. पण पुढच्या सात-आठ महिन्यांत कळलं ते असं: ती रिकामी बसून दमत नव्हती. सगळं एकटीने करून दमत होती, आणि आम्ही तिला आणखी एक काम सांगत होतो.

या थकव्याला नाव काय

इंग्रजीत ज्याला बर्नआउट म्हणतात, तो शब्द नोकरीवरून आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या केली तीही कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणापुरतीच. तो आजार म्हणून धरलेला नाही. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातलं त्राण जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. डॉक्टर तुमच्या आईच्या कागदावर हा शब्द लिहिणार नाहीत. तरी मी तो इथे वापरतो, कारण एकट्याने घर चालवणं ही पूर्णवेळ नोकरीच आहे. तिला साप्ताहिक सुट्टी नाही, रजा नाही, आणि एखाद्या दिवशी "आज तू बघ" म्हणायला दुसरं माणूस नाही. दोघं असताना एकजण विसरला तर दुसऱ्याला आठवतं. एकट्या माणसाला विसरायचीही मुभा नसते. गॅस बंद केला का, दार लावलं का, गोळी घेतली का, सगळा पहारा एकट्याचा.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

"कशी आहेस?" असं विचारू नका. "बरी आहे" याखेरीज उत्तर येत नाही. विचारायचं ते असं: काल रात्री काय जेवलीस? भाजी कोणती केलीस? दुपारी किती वेळ पडलीस? शेवटचं देवळात कधी गेलतीस? मग हळूच घराकडे बघा. माणूस लपवतो ते घर सांगून टाकतं.

आत्याच्या घरात मला दिसलं ते असं. भाकरीचा तवा कोरडा, आणि डब्यात खारी आणि बिस्किटं. म्हणजे जेवणाच्या जागी चहा. गोळ्यांच्या पाकिटात मध्येच चार दिवसांच्या गोळ्या तशाच. बँकेची दोन पाकिटं न फोडलेली. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दोरीवर. जी बाई आयुष्यात कुणाला उंच आवाजात बोलली नाही, ती दूधवाल्यावर खेकसली आणि नंतर त्याच गोष्टीवरून रडली. टीव्ही चालू, पण आवाज बंद. "लोकांचा आवाज सहन होईना, पण घर एकदम सुनं पण नको," म्हणाली.

एखादी खूण कुणालाही लागू पडेल. माझी ताकीद इतकीच की बदल कशात झाला ते बघा. जो माणूस कधीच देवळात जात नव्हता तो आजही गेला नाही, यात काही नाही. दर सोमवारी सिद्धेश्वराला जाणारा महिनाभर गेला नसेल तर आहे.

दुसरी पायरी: आधी डॉक्टर, मग उपदेश

ही पायरी गाळू नका, आणि पुढे ढकलूही नका. म्हातारपणातला थकवा मनाचा म्हणून सोडून द्यायला फार सोपा असतो, आणि पुष्कळदा तो रक्तात सापडतो. डॉक्टरांना सांगून या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड (टीएसएच), जीवनसत्त्व ब-१२ आणि ड, साखर, क्रिएटिनिन, सोडियम, लघवी. जोडीला रक्तदाब झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा.

ब-१२ बद्दल थोडं जास्त सांगतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. त्यात माणूस शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं, म्हणजे दोन्हीकडून मार. त्याने थकवा येतो, पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, चिडचिड होते. आत्या अकरा वर्षं मेटफॉर्मिनवर होती आणि तिचं ब-१२ खरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. तिच्या बाबतीत दोन्ही होतं, रक्तातलंही आणि घरातलंही.

औषधांची पिशवी अख्खी घेऊन जा, चिठ्ठी नव्हे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी अंग जड होतं. लघवी जास्त करणाऱ्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं आणि माणूस गळून जातो, गोंधळतो. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते आणि रात्री उठताना तोल जातो. अमुक गोळीने होतंय असं वाटलं तरी ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कान आणि डोळेही तपासून घ्या. नीट ऐकू येत नसेल तर दोन माणसांशी बोलणंसुद्धा कष्टाचं होतं आणि माणूस बोलणंच टाळायला लागतो. घरचे म्हणतात, "आजकाल तुसडी झाली."

सोलापूरचा उन्हाळा हा आणखी वेगळा हिशोब. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा लागते. त्यात रात्री मोरीत उठून जायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिण्याची सवय. दिवसा दर दीड-दोन तासांनी थोडं पाणी, ताक, आमटीचं वरचं पाणी जाऊ द्या आणि रात्रीचं तेवढं कमी करा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता थकवा की नैराश्य. दमलेल्या माणसाला ओझं उतरलं की थोडं बरं वाटतं. नातू आला की चेहरा खुलतो. नैराश्यात सुखाची गोष्ट घडली तरी आत काही हलत नाही. डॉक्टर दोन साधे प्रश्न विचारतात, ते तुम्हीही विचारू शकता: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटलं का? पूर्वी आवडायच्या गोष्टींत आता गोडी वाटेनाशी झाली का? एकालाही "हो" आलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, तो विभाग आहे. "मी कशाला जगतेय", "देवानं न्यावं आता" हे आपल्याकडे म्हातारी माणसं बोलण्याच्या ओघात म्हणतात, म्हणून आपण कानाआड करतो. करू नका. सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं काय?" विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोला, मराठीतही बोलतात. तातडीचं असेल तर ११२ किंवा १०८.

आणि गोंधळ, भलतंच बोलणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं, छातीत दुखणं हे एकाएकी झालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

तिसरी पायरी: कामं वहीत उतरवा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडली ती हीच. एका दुपारी आत्याची जुनी हिशोबाची वही घेतली आणि म्हटलं, आठवड्यात तुला काय काय करावं लागतं ते सांग. ती म्हणाली, "काय काम असतंय मला? एकटी जीव." दीड तासात एकतीस कामं निघाली. पाणी भरणं, गाळणं, पिंप घासणं. गॅसचा नंबर लावणं आणि माणूस येईपर्यंत घरात अडकून बसणं. वीजबिल. दळण. पासबुक भरणं. डॉक्टरांची तारीख. रात्री तीनदा उठून कडी बघणं, हेही तिने काम म्हणूनच सांगितलं, आणि बरोबरच सांगितलं.

मग प्रत्येक कामापुढे एक खूण: माझं, वाटून, बंद. खुणा त्या माणसाने करायच्या, आपण नाही. इथे माझी फजिती झाली. भाजी आणायला जाणं मी आधीच मनात "वाटून"मध्ये टाकलं होतं, कारण उन्हात चालणं, पिशवी उचलणं. आत्या म्हणाली, "ते माझं. तिथं चार बायका भेटतात." उलट देवाची भांडी घासणं, ज्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती, ते तिने एका झटक्यात बंद केलं. रोजच्या पूजेला एक समई आणि एक तबक ठेवलं, बाकी पितळ गाठोडं बांधून माळ्यावर. ज्या कामात माणसं भेटतात ते काम काढून घेऊ नका, मग ते कितीही दमवणारं दिसो.

पाण्याचं काम मात्र आम्ही मुळातून बदललं. वर टाकी चढवायची तर नळाला तेवढा जोर नाही आणि मोटर बसवायची तर खर्च. प्लंबरने अंगणातच जमिनीच्या पातळीला पाचशे लिटरची झाकणाची टाकी ठेवली, नळ तिला जोडला आणि आत बॉलकॉक लावला. नळ उघडाच असतो. पाणी पहाटे तीनला येवो नाहीतर चारला, टाकी आपोआप भरते, भरली की आपोआप थांबते. टाकीच्या खालच्या तोटीतून लागेल तेवढं घ्यायचं. झाकण घट्ट हवं, नाहीतर डेंग्यूचे डास. प्यायचं पाणी पंधरा लिटरच्या घागरीऐवजी तीन लहान कळश्यांत, आणि त्या कमरेच्या उंचीवर. आत्या म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाण्याच्या रात्री झोपले." घर भाड्याचं असेल तर एवढंही जमत नाही. मग शेजारच्या कॉलेजातल्या पोराला महिन्याला थोडे पैसे देऊन पाण्याच्या वेळी मदतीला बोलवा. फुकट मदत मागायला म्हाताऱ्या माणसाला जड जातं. पैसे देऊन सांगायला जात नाही.

कागदांचं थोडक्यात. वीजबिल बँकेतून आपोआप कापायला लावा. हयातीचा दाखला बहुतेक पेन्शनला नोव्हेंबरात लागतो. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणारी पेन्शन असेल तर वर्षात केव्हाही देता येतो आणि तिथून वर्षभर चालतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो, तेव्हा रांगेत उभं करू नका, मुलगा-नातू सुट्टीला आला की काढून टाका. वय ७० च्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा आधार आहे. फोनवर कुणी पोलीस म्हणून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. असली अटक कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा. हे सगळं ठळक अक्षरात एका कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवा.

चौथी पायरी: जेवण, झोप, भीती

एका माणसापुरता स्वयंपाक करायचा कंटाळा चारजणांच्या स्वयंपाकापेक्षा मोठा असतो. आत्याला भाकरी विकत आणायची म्हणजे नामुष्की वाटायची. शेवटी मी म्हटलं, सगळं सोलापूर कडक भाकरी विकत घेतंय, तुझीच काय अब्रू जातीय? आता भाकऱ्या गल्लीतल्या एका बाईकडून येतात. आत्या सकाळी एकदाच घट्ट वरण किंवा आमटी करते. संध्याकाळी तीच गरम करून त्यात कडक भाकरी कुस्करायची, दहा मिनिटं भिजू द्यायची, वर शेंगाची चटणी आणि दही. दात नसले तरी जातं आणि पोटही भरतं. दिवसातून दोनदा डाळ, दूध-दही किंवा चालत असेल तर अंडं पोटात गेलंच पाहिजे. नुसत्या चहा-खारीवर अंगातली ताकद झपाट्याने उतरते.

दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची. तीन तास झोपलं की रात्री टक्क जागं. सकाळचं कोवळं ऊन आणि थोडं चालणं, उन्हाळ्यात साडेसातच्या आत. संभाजी तलाव किंवा सिद्धेश्वर तलावापर्यंत जायला जमत असेल तर उत्तम, नसेल तर गल्लीचं टोक ते घर दोन फेऱ्या. दोघांनी गेलं तर टिकतं.

रात्रीच्या भीतीबद्दल कुणी बोलत नाही. पडले तर कुणाला कळणार, हा विचार झोप खातो. आम्ही केलं ते एवढंच: मोरीच्या वाटेवर रात्रभर जळणारा लहान बल्ब, मोरीत भिंतीला धरायची दांडी, उशीशी फोन, आणि घराची एक किल्ली शेजारच्या अक्काकडे. शिवाय मुलाशी एक करार. तो पूर्वी रविवारी पाऊण तास बोलायचा. आता रोज संध्याकाळी साडेसातला पाच मिनिटं. आत्याने फोन नाही उचलला तर तो आठ वाजता अक्कांना फोन करतो आणि अक्का किल्ली घेऊन जातात. महिन्याभरात एकदाच तसं झालं; आत्या शेजारीच गप्पा मारत बसली होती, अक्कांकडेच. पण त्या दिवसापासून कडी तपासायला उठणं तिनदावरून एकदावर आलं.

पाचवी पायरी: माणसं, पण मोजकी

दमलेल्या माणसाला दहाजणांच्या मंडळात ढकलू नका. आधी एक माणूस, एक ठरलेली वेळ. आत्याचा अक्कांकडे चार वाजताचा चहा. अक्कांची बोली तेलुगू, आत्याची मराठी, मोडकंतोडकं दोन्हीकडून चालतं, आमच्या शहरात हे नवीन नाही. तुमच्या घरचं माणूस मूळचं तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारं असेल तर त्याच भाषेतला सोबती शोधा. थकल्यावर माणसाला लहानपणची भाषा सोपी वाटते.

नुसती सोबत देऊ नका, काहीतरी मागा. मी माझ्या मुलीला आत्याकडे शेंगा चटणी शिकायला पाठवलं. पोरीला चटणीत काडीचा रस नव्हता, आणि आत्याने तिला तीनदा उखळात पुन्हा कुटायला लावलं. पण त्या आठवड्यात आत्याने स्वतःहून मला फोन केला, चार महिन्यांत पहिल्यांदा.

मग हळूहळू मोठं काही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत आम्ही तिला अक्षता सोहळ्याच्या गर्दीत नेलं नाही. आदल्या संध्याकाळी रिक्षाने देवळाला नेलं, तलावाकाठी अर्धा तास बसलो, परत. दमायच्या आधी घरी आणलं म्हणून पुढच्या वेळी "चल" म्हटल्यावर तिने पाय ओढला नाही.

ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे विड्या वळून आयुष्य गेलेल्या बायका आहेत, ज्यांचा मुलगा पुण्यात नाही आणि भाचाही नाही. तुम्ही स्वतः असे असाल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. योजनांची माहिती, सल्ला, त्रास होत असेल तर मदत, सगळ्यासाठी. वय ६५ आणि उत्पन्न अगदी कमी असेल तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये तहसीलमधून मिळतात. मुलं असून बघत नसतील तर २००७च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयात निर्वाहाचा अर्ज करता येतो, वकील लागत नाही. एसटीला ७५ पुढच्यांना तिकीट नाही. बहिणीला भेटून यायला तेवढं पुष्कळ. आणि किल्ली एका विश्वासाच्या घरी ठेवाच, ओळख असो वा नवीन करावी लागो.

एकटं राहणं थांबवायची वेळ

पुन्हा पुन्हा पडणं, गॅस उघडा राहणं, घराची वाट चुकणं, महिन्यात वजन दिसण्याइतकं उतरणं, औषधं दुप्पट घेतली जाणं. यातलं काही व्हायला लागलं तर एकटं ठेवू नका. पण एका रात्रीत सामान बांधून पुण्याच्या सातव्या मजल्यावर नेऊनही ठेवू नका. तिथे दिवसभर घर बंद, शेजारचं दार बंद, आणि पाणी चोवीस तास असूनही माणूस सुकतो. आधी महिनाभर राहून बघायचं, इथलं घर न सोडता. तेही हिवाळ्यात, म्हणजे पुण्याची थंडी मानवते का तेही कळतं.

आत्याने ते करून पाहिलं. हुतात्मा एक्स्प्रेसने गेली, एकोणिसाव्या दिवशी परत आली. स्टेशनवर घ्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "टाकीचं झाकण लावलंयस का रे नीट?"